जळालेल्या चेहऱ्यांचा सर्जन: आर्चिबाल्ड मॅकइंडो आणि त्वचारोपणाचं तंत्र

भाजल्याचे डाग कसे घालवायचे असं मोबाईलवर सर्च केलं की क्रीमच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. आज मी क्रीमबद्दल लिहिणार नाही. ज्या माणसामुळे भाजलेल्या त्वचेवरच्या उपचारांची दिशा बदलली, त्याच्याबद्दल लिहितोय.

आर्चिबाल्ड मॅकइंडो १९०० साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मला. डॉक्टर झाल्यावर तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये गेला आणि पोटाच्या शस्त्रक्रिया शिकला. १९३० साली नोकरीच्या आशेवर लंडनला आला, तर नोकरीच नव्हती! नात्यातला भाऊ हॅरॉल्ड गिलीज तिथे प्लास्टिक सर्जन होता. त्याने हात दिला आणि मॅकइंडो या क्षेत्रात आला. १९३९ला दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सगळ्या ब्रिटनमध्ये या कामात मुरलेले सर्जन जेमतेम चार होते, त्यातला हा एक. ईस्ट ग्रिनस्टेड या छोट्या गावातलं क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटल त्याच्याकडे आलं.

तिथे येणारे पेशंट म्हणजे विशी-बाविशीची मुलं. त्यांच्या लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी पायलटच्या पुढ्यातच असायची. गोळी लागली की काही सेकंदांत ज्वाळा थेट चेहऱ्यावर आणि हातांवर. पापण्या जळाल्यामुळे काहींना डोळेही मिटता येत नव्हते.

तेव्हा भाजलेल्या जागी टॅनिक अॅसिड लावायची पद्धत होती. त्याने जखमेवर कडक कवच तयार व्हायचं. पण बोटं आणि पापण्या त्याखाली आखडून जायच्या. मॅकइंडोच्या लक्षात आलं, की समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर पडलेल्यांपेक्षा चांगल्या भरतात. मग त्याने कोमट मिठाच्या पाण्याचे टब बसवले आणि चेहऱ्यावर-हातांवर टॅनिक अॅसिड वापरणं बंद व्हावं म्हणून भांडला. ते बंद झालंही. (आपल्याकडे भाजल्यावर टूथपेस्ट फासतात, तोही असलाच प्रकार. भाजल्याबरोबर वीस मिनिटं साध्या गार नळाच्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टर गाठा.)

आता मुख्य तंत्र. पातळ त्वचा हवी असेल तर ती एका जागेवरून पूर्ण कापून दुसरीकडे लावता येते. सुरुवातीचे दिवस ती खालच्या ओल्या थरावर तग धरते, मग तिच्यात नवीन रक्तवाहिन्या शिरतात. पापण्यांसाठी दंडाच्या आतल्या बाजूची नाजूक कातडी घ्यायचे. पण नाकासारखा जाड अवयव असा बनत नाही, रक्ताशिवाय तो तुकडा मरतो. त्यावर गिलीजने पहिल्या महायुद्धात उपाय काढला होता, तोच मॅकइंडोने वापरला. कातडीची पट्टी नळीसारखी गुंडाळायची, एक टोक मूळ जागी ठेवायचं आणि दुसरं नवीन जागी शिवायचं. जुना चार्जर नवीन लागल्याशिवाय काढायचा नाही, तसंच हे! आठवडे जायचे. पोटाची कातडी मनगटावर, तिथून चेहऱ्यावर, आणि तोवर मनगट चेहऱ्याला शिवलेलं.

मुळाशी जोडलेली कातडी वळवायची ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून बनवलं होतं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि तिथल्या सर्जनांचं लक्ष तिकडे गेलं.

पण मला मॅकइंडो मोठा वाटतो तो शिवणकामामुळे नाही. एकेका मुलावर डझनावारी ऑपरेशन्स व्हायची, म्हणजे वर्षानुवर्षं अर्धवट चेहऱ्याने जगायचं. म्हणून त्याने वॉर्डात बिअरचं पिंप ठेवलं, पेशंटना हॉस्पिटलच्या कपड्यांऐवजी युनिफॉर्म घालू दिला, आणि गावकऱ्यांना भेटून सांगितलं की या मुलांना घरी बोलवा, नजर चुकवू नका. गावाने ऐकलं. पुढे ते टक लावून न पाहणारं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं.

१९४१ साली पेशंटनी स्वतःचा क्लब काढला, गिनी पिग क्लब. खजिनदार निवडला तो पाय भाजलेला, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. सेक्रेटरी बोटं भाजलेला, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. युद्ध संपेपर्यंत ६४९ सभासद झाले.

आज सिलिकॉन शीट, प्रेशर गारमेंट, लेझर असे बरेच पर्याय आहेत. त्यांनी व्रण मऊ आणि सपाट होतात, पूर्ण पुसले जात नाहीत. आखडलेल्या सांध्याला मात्र अजूनही बऱ्याचदा सर्जरीच लागते. त्यामुळे क्रीम मागवण्याआधी प्लास्टिक सर्जनला एकदा दाखवा.

मॅकइंडोला १९४७ला सर किताब मिळाला, १९६०ला तो गेला. क्लबची वार्षिक भेट मात्र २००७पर्यंत चालली. २०१४ साली ईस्ट ग्रिनस्टेडमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला: समोर बसलेला भाजलेला वैमानिक, मागे मॅकइंडो, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. तो घडवणाऱ्या शिल्पकाराचे वडील मॅकइंडोचे पेशंट होते.