९ रुपयांची खोली आणि मंटो

पिंपळनेरहून एसटी पकडायची, साक्रीवरून धुळे किंवा सटाण्यावरून नाशिक गाठायचं आणि पुढे मुंबई-पुणे. आपल्या खान्देशातली कितीतरी पोरं दरवर्षी याच वाटेनं कामाला निघतात. कुणाला गॅरेजमध्ये काम लागतं, कुणाला बेकरीत, कुणाला कंपनीत. नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात मिठाई वाटली जाते आणि दुसऱ्याच दिवशी अम्मी विचारते, की बेटा, राहशील कुठं? या प्रश्नाचं उत्तर नोकरीपेक्षाही अवघड असतं. डिपॉझिट, भाडं, दलालाचे पैसे यांची जुळवाजुळव करता करता पहिले दोन पगार कुठं जातात ते कळत नाही. आणि नाव सांगितल्यावर खोली नुकतीच गेली असं उत्तर ऐकायला मिळालं, तर तो घाव वेगळाच.

अशा वेळी एका माणसाची आठवण ठेवावी. उर्दू कथेत ज्यांचं नाव आजही पहिल्या रांगेत घेतलं जातं, ते सआदत हसन मंटो. त्यांच्या कथा, त्यांच्यावरचे खटले, फाळणीवरचं त्यांचं लेखन यावर खूप लिहिलं गेलंय. पण हा मोठा लेखक मुंबईत राहायला जागा शोधत वणवण फिरला होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

पंजाबातून मुंबईत

मंटो यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी लुधियाना जिल्ह्यातल्या समराळा भागात झाला. घराणं मूळचं काश्मिरी. वडील मौलवी गुलाम हसन न्यायखात्यात होते, शिस्तीचे आणि कडक. घरात त्यांचा धाक होता, पण सआदतचं मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. मॅट्रिकला ते एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले, तेही उर्दूत. पुढं अमृतसरला अब्दुल बारी अलीग या पत्रकारांची गाठ पडली आणि वाचनाची दिशाच बदलली. व्हिक्टर ह्यूगोच्या पुस्तकाचा उर्दू अनुवाद त्यांनी विशीतच केला. वडील १९३२ मध्ये वारले. अलिगढला शिकायला गेले, पण छातीच्या आजारानं शिक्षण अर्धवट राहिलं. घरात अम्मी सरदार बेगम, हाताशी पैसा नाही आणि कमावणारं कुणी नाही.

१९३६ मध्ये नझीर लुधियानवी यांनी त्यांना मुंबईत आपल्या मुसव्विर या उर्दू सिने-साप्ताहिकाचं संपादन करायला बोलावलं. पगार महिना ४० रुपये. २४ वर्षांचा तरुण मुंबईत उतरला. काम मिळालं, घर नव्हतं. सुरुवातीला ते साप्ताहिकाच्या ऑफिसातच झोपायचे. आजही कितीतरी पोरं दुकानाच्या माळ्यावर, बेकरीच्या मागच्या खोलीत, कारखान्यात मशीनच्या शेजारी पथारी टाकतात. मंटोंची सुरुवातही तशीच झाली. ऑफिसात झोपणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. मालकाशी बिनसलं, तर नोकरी आणि छप्पर दोन्ही एकाच दिवशी जातं.

पुढं त्यांना इम्पीरियल फिल्म कंपनीत संवाद लिहिणाऱ्या मुन्शीचं काम मिळालं. दोन ठिकाणी काम म्हणजे दुप्पट पैसे असं वाटलं असेल, पण साप्ताहिकातला पगार निम्म्यावर आला.

चाळीतली खोली

मग त्यांनी एका चाळीत खोली घेतली. भाडं महिना ९ रुपये. खोलीत नळ नाही, वीज नाही. छतावरून ढेकूण पडायचे, उंदरांचा सुळसुळाट होता. सगळ्या चाळीत न्हाणीघर एकच, त्याच्याही दाराची कडी तुटलेली. पहाटे पाण्यासाठी बायकांची रांग लागायची. त्या रांगेत मराठी, गुजराती, ख्रिस्ती, यहुदी अशा सगळ्याच असायच्या.

त्या काळच्या मुंबईत मजुराचं, कारकुनाचं आयुष्य असंच होतं. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमून चाळी बांधल्या, १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, तरी माणसं येतच राहिली आणि खोल्या पुरेनात. ज्यांच्यामागे गाव होतं, त्यांनी आपली सोय आपणच केली. कोकणातल्या गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या. एकेका खोलीत गावातले वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे. गोवेकरांनी कूड काढले. दानशूरांनी मुसाफिरखाने बांधले. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना जुन्या हाजींना चांगला आठवत असेल. मंटोंच्या मागे मुंबईत ना गाव होतं ना जमात. बहीण माहीमला राहायची, पण मेहुण्यांशी पटत नसल्यानं ते दार बंद होतं. एवढ्या मोठ्या शहरात सख्खी बहीण असून मंटो चाळीतल्या ढेकणांत झोपत होते.

अम्मी खोली बघायला आली

अम्मी मुंबईला लेकीकडे आल्या. मुलगा त्या घरी जाऊ शकत नव्हता, म्हणून माय-लेकाची भेट बाहेर व्हायची. एके दिवशी त्या मुलाची खोली बघायला आल्या. न्यायखात्यातल्या नवऱ्याचं घर सांभाळलेल्या त्या बाईनं खोलीकडे पाहिलं आणि त्यांना रडू आवरेना.

पोरगा परगावी कसा राहतो हे घरच्यांना फोनवर कळत नाही. तो सांगतो, सगळं ठीक आहे. एकदा कुणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं की खरं कळतं. अम्मींनी त्या भेटीत एकच निष्कर्ष काढला. मुलाला संसार हवा, त्याशिवाय हा सावरणार नाही. त्यांनी लग्नाचं विचारलं. खिशात काही नसताना मंटो हो म्हणून बसले.

स्थळ माहीममधल्याच एका काश्मिरी कुटुंबातलं होतं. मुलीचं नाव सफिया. तिचे वडील हयात नव्हते, चुलते पोलिसांच्या बोटांचे ठसे तपासणाऱ्या खात्यात होते. पोलिसातल्या माणसासमोर बसून मंटोंनी काहीच लपवलं नाही. पगार किती, उधारी किती, आपल्याला दारूची सवय आहे हेसुद्धा सांगून टाकलं. नकार येईल अशी त्यांची खात्री होती. होकार आला. गंमत म्हणजे सफियांचा जन्मदिवसही ११ मे, आणि दोघांनाही चष्मा.

निकाह झाला, पण रुखसतीचं काय? नवरी आणायची तर कुठं आणायची? ढेकणांच्या खोलीत? घर नाही म्हणून रुखसती लांबत गेली. निकाह झालेली मुलगी माहेरी आणि नवरा चाळीत. आपल्या समाजातही अशी किती लग्नं निव्वळ खोलीसाठी अडकून पडतात, ते ज्याच्या घरी घडलंय त्यालाच ठाऊक.

पस्तीस रुपयांचा फ्लॅट

अखेर सासूबाईंनी तारीख धरली. मंटोंनी हिंमत करून महिना ३५ रुपये भाड्याचा फ्लॅट घेतला. त्यांच्या कमाईच्या मानानं ही फार मोठी उडी होती. ज्या फिल्म कंपनीसाठी ते लिहीत होते, तिथं त्यांची बरीच रक्कम थकली होती. मालक नानुभाई देसाई पैसे द्यायला तयार नव्हते. लग्न तोंडावर आलेलं आणि खिशात मोजकी नाणी.

तेव्हा धावून आले बाबूराव पटेल. फिल्मइंडिया मासिकाचे हे मराठी संपादक, ज्यांच्या लेखणीला अख्खी फिल्मी दुनिया टरकायची. त्यांनी मालकाला खडसावलं आणि पैशाची वाट मोकळी झाली. नवरीच्या साड्या, दागिने, घरातलं सामान असं काही रोखीनं, काही उधारीनं जमलं. १९३९ मध्ये सफिया त्या फ्लॅटमध्ये आल्या. अम्मींनी मुलाचं घर डोळ्यांनी पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांचा इंतकाल झाला.

या सगळ्या धडपडीत मंटोंच्या मागे उभा राहिला तो एक हिंदू मराठी माणूस. ज्याचा शब्द चालतो, त्यानं तो शब्द दुसऱ्यासाठी खर्च केला. शहरात घर मिळतं ते बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी शब्दावर.

जमलेलं बिऱ्हाड, सुटलेलं शहर

१९४१ मध्ये मंटो ऑल इंडिया रेडिओत काम करायला दिल्लीला गेले. तिथं त्यांचा एकुलता एक मुलगा आरिफ कोवळ्या वयात गेला. दिल्लीत मन लागेना. १९४२ मध्ये ते पुन्हा मुंबईत आले. भायखळ्याला क्लेअर रोडवरच्या ॲडेल्फी चेंबर्समध्ये त्यांचं बिऱ्हाड होतं. फिल्मिस्तानमध्ये चांगलं काम मिळालं, अशोक कुमार, श्याम यांच्यासारखे जिवाभावाचे दोस्त मिळाले. इस्मत चुगताई आणि शाहिद लतीफ यांचं जाणं-येणं होतं. ९ रुपयांच्या खोलीपासून निघालेला माणूस आता या शहराचा झाला होता. चाळीतली, गल्लीतली, फ्लॅटमधली माणसं त्यांच्या कथांत उतरली. ज्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं, त्यांनाच मंटोंनी जागा दिली. त्यापायी अश्लीलतेचे खटलेही अंगावर घेतले.

मग १९४७ आलं. बॉम्बे टॉकीजमध्ये धमकीची पत्रं येऊ लागली, की इथं मुसलमानांना कामावर का ठेवता? अशोक कुमार आणि सावक वाचा यांनी त्या पत्रांची पर्वा केली नाही. पण आपल्या नावामुळे दोस्तांवर संकट यावं, हे मंटोंना सोसवेना. बायको-मुलगी आधीच लाहोरला गेल्या होत्या. जानेवारी १९४८ मध्ये ते बोटीनं कराचीला आणि तिथून लाहोरला गेले. ज्या शहरात घर मिळवायला त्यांना वर्षं लागली, ते शहर काही आठवड्यांत सुटलं.

लाहोरमध्ये ते ज्या इमारतीत राहिले, तिचं नाव लक्ष्मी मॅन्शन्स. तिथं बायको आणि तीन मुलींसह त्यांनी शेवटची सात वर्षं काढली. लिहिलं भरपूर, पण पैसा आणि तब्येत दोन्ही हातातून जात राहिलं. दारूनं घात केला, हेही खरं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याची झळ सफियांना आणि मुलींना बसली. मुंबईची आठवण त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत येत राहिली. १८ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. त्यांच्या कथेवरचा सोहराब मोदींचा मिर्झा गालिब हा चित्रपट १९५४ चा, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आणि भायखळ्याच्या त्या क्लेअर रोडला आज मिर्झा गालिब मार्ग म्हणतात.

आपल्यासाठी

मंटोंच्या आयुष्यातून पोरांनी आणि घरच्यांनीही दोन-तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली खोली वाईट निघाली म्हणून खचू नये, ती पायरी असते. घरमालकाला आणि दलालाला खरं तेच सांगावं, भाड्याचा करार लेखी करून घ्यावा, पोलिसांना द्यायची माहिती वेळेवर द्यावी. आईवडिलांनी एकदा तरी जाऊन मुलाची राहायची जागा बघून यावी.

आणि जे आधीच शहरात स्थिरावलेत, त्यांच्यावर तर मोठी जबाबदारी आहे. पिंपळनेर, साक्री, धुळ्याची माणसं मुंबई-पुण्यात आज कमी नाहीत. नव्यानं आलेल्या पोराला महिनाभर पथारी टाकायला जागा द्यावी, त्याच्यासाठी घरमालकाकडे शब्द टाकावा. गावातल्या दहा घरांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली, तरी कितीतरी आया निर्धास्त झोपतील. कोकणातल्या गावांना शंभर वर्षांपूर्वी जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?