पाच वेळा हद्दपार झालेला बिशप: देव माणूस झाला, यावरून अथानेशियस आयुष्यभर का भांडले?

साल 335. आजच्या लेबनॉनमधल्या टायर या बंदराच्या शहरात बिशपांची सभा भरली आहे. सभेसमोर एक पेटी उघडली जाते. आत माणसाचा कापलेला हात आहे. हा हात आर्सेनियस नावाच्या बिशपचा, त्याचा खून झाला आणि हात जादूटोण्यासाठी कापून घेतला, असा आरोप आहे. आरोपी आहेत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराचे बिशप अथानेशियस. वय जेमतेम चाळिशीच्या आसपास.

पुढे जे घडलं ते एखाद्या सिनेमात शोभावं असं सांगितलं जातं. अथानेशियस यांनी अंगभर वस्त्र पांघरलेल्या एका माणसाला पुढे आणलं. तोंडावरचं वस्त्र काढलं तर समोर आर्सेनियसच, जिवंत. मग वस्त्राच्या एका बाजूने त्याचा एक हात बाहेर काढला, थोडं थांबून दुसरा. देवाने माणसाला दोनच हात दिलेत, आता हा तिसरा कुठला ते फिर्यादींनीच सांगावं, असं ते म्हणाले म्हणे.

हे सगळं नाट्य नंतरच्या इतिहासकारांनी रंगवलेलं आहे. स्वतः अथानेशियस यांनी लिहून ठेवलंय ते इतकंच, की आर्सेनियसला लपवून ठेवलं होतं आणि तो जिवंत सापडला. पण खरी गंमत पुढे आहे. 'मेलेला' माणूस जिवंत निघाला तरी सभेने अथानेशियस यांना दोषी ठरवलंच. आरोपांची यादी लांब होती. एक फेटाळला की दुसरा तयार.

एका बिशपवर एवढा राग कशासाठी? कारणं बरीच होती, त्यातली काही साध्या राजकारणाची. पण मुळाशी एक प्रश्न होता, आणि तो दर नाताळाला आजही चर्चच्या वेदीवर असतो. बेथलेहेममध्ये जन्मलेलं बाळ नेमकं कोण होतं?

बंदरावर गायला जाणारा वाद

अथानेशियस यांचा जन्म साधारण 296 ते 298 च्या दरम्यानचा, अलेक्झांड्रियातला. 303 साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू केला, तेव्हा ते लहान होते. चर्च पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले. 311 मध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप पीटर यांनाच ठार मारण्यात आलं. दोनच वर्षांनी वारं फिरलं. सम्राट कॉन्स्टन्टाईनने 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. म्हणजे ज्या पिढीने माणसं मरताना पाहिली, तीच पिढी सम्राटाच्या पंगतीला जाऊन बसली.

बाहेरचा धोका टळला आणि घरातलं भांडण वर आलं. अलेक्झांड्रियातच एरियस नावाचे एक वयस्क, अभ्यासू धर्मगुरू होते. त्यांचं म्हणणं ऐकायला तर्कशुद्ध वाटायचं. देव एकच आहे, त्याला आरंभ नाही. मग पुत्र म्हणजे ख्रिस्त हा देवापासून झाला असेल, तर तो नंतर झाला असला पाहिजे. म्हणजेच तोही निर्माण केलेला. सगळ्या सृष्टीत सर्वांत थोर, सर्वांत आधीचा, पण शेवटी निर्मितीच. एरियस यांनी हे विचार पद्यात बसवले. खलाशी, दळणारे, वाटसरू यांच्यासाठी त्यांनी गाणी रचल्याचंही सांगितलं जातं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं म्हणणं 'व्हायरल' झालं.

वाद इतका चिघळला की 325 मध्ये कॉन्स्टन्टाईनने आजच्या तुर्कस्तानातल्या नायसिया इथे बिशपांची परिषद बोलावली. परिषदेने ठरवलं की पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द 'होमोउसिओस'. दोन बिशप सोडून बाकी सगळ्यांनी मान्यता दिली. एरियस हद्दपार झाले.

इथे सोशल मीडियावर फिरणाऱ्या दोन-तीन गोष्टी बाजूला काढायला हव्यात. बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची हे नायसियात ठरलं, हे खरं नाही. संत निकोलस, म्हणजे ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते, त्यांनी तिथे एरियसच्या थोबाडीत मारली ही कथा कित्येक शतकांनंतर जोडलेली आहे. आणि परिषद अथानेशियस यांनी गाजवली हेही अतिशयोक्त. ते तेव्हा डीकन होते, आपले बिशप अलेक्झांडर यांच्यासोबत मदतनीस म्हणून गेलेले. तीन वर्षांनी, 328 मध्ये, अलेक्झांडर वारले आणि अथानेशियस त्यांच्या जागी आले. बिशप व्हायला यांचं वय पुरेसं नाही, अशी ओरड विरोधकांनी लगेच केली.

छोट्या पुस्तकातला मोठा प्रश्न

अथानेशियस यांचं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक ख्रिस्ताच्या देहधारणेवर आहे. पुस्तक छोटं आहे, आणि त्यात एरियस यांचं नावही येत नाही. पण पुढच्या चाळीस वर्षांच्या भांडणाचं बीज त्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

देहधारणा म्हटलं की मराठी कानाला 'अवतार' हा शब्द आठवतो. साम्य आहे, पण फरकही मोठा आहे. अवतार अनेक होतात, काम झालं की लीला संपते. ख्रिस्ती विश्वासात हे एकदाच घडतं आणि कायमचं घडतं. देवाने घेतलेलं शरीर सोंग नसतं. त्याला भूक लागते, ते थकतं, आणि मुख्य म्हणजे ते मरतं.

अथानेशियस यांचा प्रश्न असा होता की देवाला एवढं करायची गरजच काय? नुसता शब्द उच्चारून माफ करता आलं नसतं? त्यांचं उत्तर थोडक्यात असं. देवाने माणसाला शून्यातून निर्माण केलं. माणूस देवाकडे पाठ फिरवून उभा राहिला, तेव्हा तो पुन्हा त्या शून्याकडेच घसरू लागला. या घसरण्याचंच नाव मृत्यू. आता देवापुढे पेच होता. पापाचं फळ मृत्यू, हा आपलाच शब्द मोडावा तर तो खोटा ठरतो. आणि हाताने घडवलेलं डोळ्यांदेखत नासू द्यावं, तर ते त्याच्या चांगुलपणाला शोभत नाही. नुसत्या पश्चात्तापाने भागलं नसतं, कारण प्रश्न फक्त चुकीचा नव्हता. कीड स्वभावात शिरली होती. माफी मिळाली तरी आजार उरतोच.

म्हणून ज्या शब्दाने सृष्टी घडवली तोच मरू शकेल असं शरीर घेऊन आला, सगळ्यांच्या वतीने मृत्यूला सामोरा गेला आणि त्याला आतून हरवून गेला, असं अथानेशियस मांडतात. त्यांचे दाखले फार घरगुती आहेत. लाकडी फळीवरचं चित्र डागांनी खराब झालं, तर फळी फेकत नाहीत. ज्याचं चित्र आहे त्यालाच पुन्हा समोर बसवतात आणि त्याच फळीवर चित्र नव्याने काढतात. दुसरा दाखला राजाचा. मोठ्या शहरातल्या एका घरात राजा राहायला आला, की सगळ्या शहराचा मान वाढतो आणि चोर-दरोडेखोर तिकडे फिरकत नाहीत. तिसरा मला सर्वांत आवडतो. वाळलेलं गवत आगीपासून दूर ठेवलं तरी ते जळण्याजोगंच राहतं. पण त्याला ॲस्बेस्टॉसने वेढलं, तर त्याला आगीची भीतीच उरत नाही. बाहेरून आज्ञा देऊन मृत्यू लांब ठेवता आला असता, पण मर्त्यपण गेलं नसतं. त्यासाठी जीवनाने शरीराला आतून बिलगायला हवं होतं.

आता एरियस यांचं म्हणणं इथे ठेवून बघा. ख्रिस्त स्वतःच शून्यातून निर्माण झालेला असेल, तर तो दुसऱ्यांना शून्यात पडण्यापासून कसा वाचवणार? जो स्वतः कर्जदार आहे तो जामीन कसा राहणार? अथानेशियस यांच्या दृष्टीने हा शब्दांचा कीस नव्हता. ख्रिस्त कितीही थोर निर्मिती असला, तरी मग बेथलेहेममध्ये देव आलाच नाही, दूत आला. आणि मरणाऱ्या माणसाच्या हाती काहीच लागलं नाही. नाताळ म्हणजे एका थोर व्यक्तीची जयंती, की स्वतः देव माणसाच्या दुखण्यात उतरल्याचा दिवस, हा त्यांचा मुद्दा होता.

ट्रिअर, रोम, वाळवंट

टायरच्या सभेतून अथानेशियस निसटले ते थेट राजधानी कॉन्स्टॅन्टिनोपलला पोचले. घोड्यावरून शहरात शिरणाऱ्या सम्राटाची वाट त्यांनी भर रस्त्यात अडवली आणि न्याय मागितला. कॉन्स्टन्टाईनने त्यांना आधी ओळखलंही नाही. त्याने ऐकून घेतलं खरं, पण विरोधकांनी नवा आरोप काढला. इजिप्तहून राजधानीला येणारी धान्याची जहाजं रोखण्याची धमकी या बिशपने दिली आहे! ईश्वरविद्येवरून सम्राट डगमगला नसता. धान्यावरून डगमगला. अथानेशियस यांची रवानगी आजच्या जर्मनीतल्या ट्रिअरला झाली.

337 मध्ये कॉन्स्टन्टाईन वारला आणि ते परतले. दोन वर्षांत पुन्हा पळावं लागलं, या वेळी रोमला. नवा सम्राट कॉन्स्टेन्शियस एरियस यांच्या बाजूला झुकलेल्या बिशपांचं ऐकणारा. सात वर्षांनी, 346 मध्ये, ते घरी आले आणि सलग दहा वर्षं टिकले. त्यांच्या हिशेबाने ही चैनच.

अथानेशियस नुसते सोसणारे संत नव्हते, हेही सांगायला हवं. 335 च्या सुमाराचं, पपायरसवर लिहिलेलं एक पत्र इजिप्तमध्ये सापडलं. त्यात त्यांच्या माणसांनी विरोधी गटातल्या लोकांना मारहाण केल्याची तक्रार आहे. आपल्या विरोधकांबद्दल ते स्वतः लिहायचे तेही जहरी. त्यांच्यावरचे सगळेच आरोप हवेतून आले होते, असं म्हणणं अवघड आहे.

फेब्रुवारी 356 मधली एक रात्र. चर्चमध्ये जागरणाची प्रार्थना चालू आहे. सैनिकांनी इमारत वेढली. अथानेशियस यांच्याच म्हणण्याप्रमाणे पाच हजारांहून जास्त सैनिक होते. ते आसनावर बसून राहिले, डीकनला स्तोत्र म्हणायला सांगितलं, लोकांना साथ द्यायला लावली. दारं फोडून सैनिक आत घुसले, चेंगराचेंगरीत माणसं मेली. शेवटी साधूंनी आणि धर्मगुरूंनी त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

पुढची सहा वर्षं ते वाळवंटातल्या मठांमध्ये लपत फिरले. साधूंनी त्यांना कधी पकडून दिलं नाही. याच काळात त्यांनी वाळवंटातले तपस्वी अँथनी यांचं चरित्र लिहिलं. मरणाऱ्या देहाला देवाने जवळ केलं तर त्या देहात काय बदल घडतो, याचं ते जिवंत उदाहरण म्हणून वाचता येतं. हे पुस्तक लॅटिनमध्ये गेलं, आणि पुढे ऑगस्टीन यांच्या धर्मांतराच्या कहाणीत त्याचा मोठा वाटा आहे.

याच अज्ञातवासात भांडखोर अथानेशियस थोडे मऊही झाले. 'एकाच तत्त्वाचा' हा शब्द खटकणारा, पण ख्रिस्ताला निर्मिती न मानणारा एक गट होता. ते 'होमोइउसिओस', म्हणजे 'सारख्या तत्त्वाचा' असं म्हणत. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा. एका अक्षरासाठी जग भांडलं, अशी थट्टा आजही होते. पण अथानेशियस यांनीच या लोकांना भाऊ म्हटलं, आणि 362 मध्ये अलेक्झांड्रियात सभा घेऊन अर्थ एक असेल तर शब्दासाठी अडून बसायचं नाही अशी भूमिका घेतली.

त्याच वर्षी सम्राट ज्युलियनने त्यांना पुन्हा हाकललं. नाईलमधून नावेने जाताना पाठलाग होतोय हे कळताच त्यांनी नाव उलटी फिरवली, आणि समोरून येणाऱ्या सैनिकांना अथानेशियस इथून जवळच आहेत असं कळवून आरामात त्यांच्यासमोरून निघून गेले, अशी कथा आहे. पाचवी हद्दपारी 365 ची, सम्राट व्हॅलेन्सच्या काळातली. ती काही महिन्यांतच संपली.

45 वर्षांच्या बिशपपदातली जवळपास 17 वर्षं हद्दपारीत गेली. 367 च्या एका पत्रात त्यांनी नव्या करारातल्या पुस्तकांची यादी दिली. आज जी 27 पुस्तकं मानली जातात नेमकी तीच असलेली ही आपल्याला माहीत असलेली पहिली यादी. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी 'अथानेशियन श्रद्धाघोषणा' मात्र त्यांची नाही. ती नंतरची आणि लॅटिनमधली आहे.

2 मे 373 रोजी ते अलेक्झांड्रियात वारले. तेव्हा साम्राज्याच्या पूर्व भागात व्हॅलेन्सचंच राज्य होतं आणि निकाल लागलेला नव्हता. आठ वर्षांनी, 381 मध्ये, कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने नायसियाची बाजू कायम केली. वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सात म्हटली जाणारी श्रद्धाघोषणा त्याच परंपरेतली.

पुढे 451 मध्ये, ख्रिस्तातलं देवपण आणि माणूसपण एकत्र कसं नांदतं यावरून इजिप्तचं कॉप्टिक चर्च आणि रोम वेगळे झाले. हा दुरावा दीड हजार वर्षं टिकला. मे 1973 मध्ये अथानेशियस यांच्या मृत्यूला 1600 वर्षं झाली, तेव्हा कॉप्टिक पोप शेनुदा तिसरे रोमला गेले. तिथे त्यांनी पोप पॉल सहावे यांच्यासोबत एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, हे दोघांनी मिळून त्यात म्हटलं होतं. परत निघताना शेनुदा यांच्यासोबत इटलीत जपून ठेवलेल्या अथानेशियस यांच्या अवशेषांपैकी काही अवशेष होते. ते आता कैरोच्या सेंट मार्क कॅथेड्रलमध्ये आहेत.