बेंद्रे : माळव्याच्या उन्हातून निघालेली वाट

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत मोठ्या माणसांच्या आठवणी निघाल्या की आधी उस्ताद अमीर खाँ येतात, मग कर्नल सी. के. नायडू. चित्रकारांची पाळी येईपर्यंत चहा निवलेला असतो, आणि आलीच तर गोष्ट हुसेन यांच्यावर जाऊन थांबते. त्या हुसेन यांना पोरवयात ज्यांनी हात दिला ते नारायण श्रीधर बेंद्रे मात्र राहूनच जातात. बडोद्याची मंडळी त्यांची आठवण जास्त काढतात, कारण तिथे त्यांनी सोळा वर्षं शिकवलं. पण ते मूळचे आपले. म्हणून यंदा त्यांच्याविषयी लिहायचं ठरवलं.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरला, एका मध्यमवर्गीय मराठी घरात झाला. १९३३ साली त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मुंबईची चित्रकलेची सरकारी पदविका. या दोन कागदांपैकी घरच्यांना कुठला जास्त मोलाचा वाटला असेल, हे आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगायला नको. पण त्यांचं खरं शिक्षण झालं ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली. देवळालीकरांनी १९२७ साली होळकर दरबाराच्या आश्रयाने इंदुरात चित्रकलेची शाळा काढली होती. देवकृष्ण जोशी, विष्णु चिंचाळकर हे पुढे नावाजलेले चित्रकारही याच शाळेत घडले. त्या काळी चित्रकला शिकणं म्हणजे वर्गात बसून पुतळा समोर ठेवायचा आणि छाया-प्रकाश गुळगुळीत घोटत बसायचं. देवळालीकरांनी मुलांना बाहेरच्या उन्हात नेलं. रस्ता, घाट, बाजार, झाड, समोर दिसेल ते रंगवायचं, आणि रंग पातळ घोटायचा नाही, जाड ठेवायचा. मुंबईच्या प्रदर्शनांत इंदूरची चित्रं भिंतीवर लांबूनच ओळखू येऊ लागली ती यामुळे.

उघड्यावर तैलरंगात काम करणं म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. तैलरंग लवकर वाळत नाही, कित्येक दिवस ओला राहतो. ऊन मात्र कुणासाठी थांबत नाही. सकाळी आठला झाडाची सावली जिथे असते तिथे दहाला नसते. तिची जागा बदलते आणि रंगही बदलतो. म्हणजे हाताशी वेळ तास-दीड तासाचा. तेवढ्यात आकाश किती उजळ, जमीन किती गडद, मध्ये भिंत कुठे बसते, एवढं ठरवून रंग त्याच्या त्याच्या जागी ठेवायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. ओल्या रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की दोन चांगल्या रंगांचा मिळून चिखल होतो. शिवाय सावली काळी नसते. आमच्या शाळेत सावली काढायची म्हणजे मूळ रंगात काळा मिसळायचा, असंच शिकवलं होतं आणि आम्ही ते वर्षानुवर्षं केलं. वैशाखात भर दुपारी एखाद्या पांढऱ्या भिंतीच्या सावलीकडे नीट पाहा. तिच्यात निळा दिसतो, जांभळा दिसतो आणि खालच्या मातीचा तांबूसपणाही वर चढलेला असतो. माळव्यात हे पाहायची सोय भरपूर. काळी जमीन, पावसाळ्यानंतरचं धुतलेलं ऊन, फाल्गुनात पेटलेला पळस. बेंद्रे यांचा डोळा या उजेडात तयार झाला.

हुसेन यांची ती गोष्ट याच दिवसांतली. हुसेन तेव्हा इंदुरात राहणारा, दिसेल ते रंगवत फिरणारा मुलगा होता. रस्त्याकडेला चित्र काढत असलेले बेंद्रे त्याला भेटले, त्यांनी त्याचं काम पाहिलं आणि पुढे त्याच्या घरी जाऊन वडिलांना समजावलं की या मुलाला चित्रकार होऊ द्या. वडिलांनी ते मानलं. हुसेन मोठे झाल्यावरही ही हकीकत सांगत असत.

बेंद्रे यांचं स्वतःचं नाव लवकर झालं. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात १९३४ मध्ये रौप्यपदक, १९४१ मध्ये सुवर्णपदक. मधल्या काळात, १९३६च्या सुमारास, ते काश्मीरला गेले आणि तिथल्या पर्यटन खात्यासाठी चित्रकार म्हणून त्यांनी काम केलं. तैलरंगाबरोबर अपारदर्शक जलरंगातही ते तितक्याच सहजतेने काम करत. प्रवासात ते रंग सोयीचे, झटकन वाळतात. काश्मीर झालं, बनारसचे घाट झाले. निसर्गचित्र म्हणजे बेंद्रे असं समीकरण होत चाललं होतं.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी अवघड जागा हीच होती. हात तयार झाला होता. समोर डोंगर आला की तो चित्रात उतरत होता, लोकांना आवडत होता आणि विकलाही जात होता. याच वाटेवर आयुष्यभर राहिले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. आपल्याकडे एकदा मान्यता पावलेल्या हाताने चाळीस वर्षं तेच करत राहिलेले कलावंत काही थोडेथोडके नाहीत, आणि त्यांचे सत्कारही आपण आनंदाने करतो.

बेंद्रे मात्र पस्तिशीत पुन्हा शिकायला निघाले. १९४५ साली ते शांतिनिकेतनात जाऊन राहिले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज यांचं काम जवळून पाहता आलं. ही मंडळीही निसर्गातच बुडालेली, पण त्यांची रीत निराळी. झाड पाहायचं, त्याची वाढ, त्याची लय मनात साठवायची आणि मग कागदावर आणायची. इंदूरच्या पद्धतीत डोळ्यासमोरचा क्षण पकडायचा होता, इथे तो सोडून द्यायचा होता. पुढे ते अमेरिकेला गेले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या विंडरमियर गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. परतताना युरोपात, आतापर्यंत पुस्तकातल्या छापील चित्रांवरून ओळखीची असलेली आधुनिक चित्रकारांची कामं प्रत्यक्ष पाहिली.

१९५० साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला आणि चित्रकलेची जबाबदारी बेंद्रे यांच्याकडे आली. १९५९ मध्ये ते तिथले अधिष्ठाता झाले. याच काळात त्यांच्या चित्रांतून डोंगर-दऱ्या मागे सरल्या. १९५५च्या ‘सूर्यफूल’ या चित्रात वस्तूंचे आकार कोनांत, पृष्ठांत मोडून पुन्हा जुळवलेले आहेत. त्याच वर्षीच्या ‘काटा’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायात रुतलेला काटा काढणाऱ्या बायका, एवढाच विषय. काश्मीरची निसर्गचित्रं घरात लावलेल्या माणसाला हे दाखवलं तर चित्रकार एकच आहे यावर त्याचा विश्वास बसायचा नाही.

शिक्षक म्हणून त्यांचा मोठेपणा मला विद्यार्थ्यांच्या यादीतून दिसतो. शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू, काश्मीरमधून आलेले गुलाम रसूल संतोष. यांतला एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि बेंद्रे यांच्यासारखा तर कुणीच नाही. गुरूची सही शिष्याच्या हातात दिसू नये, ही गोष्ट आपल्या घराण्यांच्या परंपरेत वाढलेल्यांना जरा विचित्र वाटेल. पण चित्रकलेत तिची फार गरज होती.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. आज असं, उद्या तसं; यांची स्वतःची अशी शैली कुठली? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मधल्या काळातल्या काही चित्रांत युरोपातले उस्ताद जरा जास्तच स्पष्ट दिसतात, आणि ‘काटा’सारखा जिवंतपणा सगळ्यांत नाही. पण ती सगळी चित्रं ओळीने पाहिली की एक गोष्ट कुठेच सुटलेली दिसत नाही. आकार मोडले, डोंगर गेले, तरी रंग शेजारच्या रंगाच्या उजेडाने बदलतो हे भान शेवटपर्यंत राहिलं.

१९६६ साली त्यांनी बडोद्याची नोकरी सोडली आणि ते मुंबईला स्थायिक झाले. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मानही मिळाला. उतारवयात त्यांनी पुन्हा नवी रीत धरली. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके एकमेकांशेजारी ठेवत जायचे, मिसळायचे नाहीत. मिसळण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्याने करायचं. विषय साधे. खेड्यातल्या बायका, गुरं, झाडाखालची बसलेली दुपार. तरुणपणी तास-दीड तासात कॅनव्हास पुरा करायला शिकलेला माणूस सत्तरीत ठिपक्यामागून ठिपका ठेवत बसला होता. जवळून पाहिलं तर नुसती रंगांची रांगोळी. चार पावलं मागे सरकलं की झाडाखाली सावली पडते, आणि तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, मातीचा तांबूसपणाही असतो. काळा नसतो.

१९ फेब्रुवारी १९९२ रोजी मुंबईत बेंद्रे गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण जाहीर झालं होतं.