नळाचे आटे आणि रायफलचा नेम : जोसेफ व्हिटवर्थ यांची गोष्ट

घाटकोपरच्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची नळ आणा. तो बोरिवलीतल्या घरच्या पाइपवरही बसतो. कारण त्याचे आटे ठरलेले आहेत: एका इंचात १४, आणि आट्याचा कोन ५५ अंश. हा ५५ अंशांचा कोन ठरवला इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी. रायफलचा नेम नेमका का चुकतो, याचा पद्धतशीर शोध घेणारेही हेच गृहस्थ.

मापाचं वेड

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. चौदाव्या वर्षी ते काकांच्या सूतगिरणीत कामाला लागले. पण त्यांचं लक्ष धाग्यापेक्षा यंत्रातच जास्त. पुढे लंडनला हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात ते तयार झाले आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला परतून स्वतःचं दुकान थाटलं.

तिथे त्यांनी लोखंडी पाटा खरोखर सपाट कसा करायचा, ही पद्धत पक्की केली. दोनच पाटे एकमेकांवर घासून जुळवले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट राहूनही ते जुळतात. म्हणून तीन पाटे घ्यायचे आणि आलटून पालटून प्रत्येक जोडी तपासायची. तिन्ही जोड्या जुळल्या, तरच पाटे सपाट. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेटवर जॉब तपासतात, त्यामागे हाच विचार आहे. १८४१ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि आट्यांचं एकच प्रमाण सुचवलं.

आधी चूक शोधा, मग यंत्र बनवा

१८५४ मध्ये क्रिमियाचं युद्ध सुरू होतं. सरकारला एन्फिल्ड रायफली झपाट्यानं बनवायला यंत्रं हवी होती. व्हिटवर्थ म्हणाले, काही बंदुका चांगल्या का लागतात आणि काही का चुकतात, हे आधी कळू दे. तोवर यंत्रं बनवून उपयोग काय? चूकच जास्त वेगानं तयार होईल!

सरकारी खर्चानं त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर लांबीची बंदिस्त गॅलरी उभी राहिली. बारा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक उभ्या केल्या, तर त्याहून थोडी कमी. ती वादळात पडली, तर पुन्हा बांधली.

बंदिस्त कशाला? वाऱ्याचा प्रश्नच मिटावा म्हणून. वाटेत ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी प्रत्येक पडद्याला भोक पाडत जाते. भोकं जोडली, की गोळीची वाट दिसते.

भोवऱ्याचं गणित

रायफलच्या नळीत आतून पीळ असतो. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. एन्फिल्डची नळी ०.५७७ इंचाची, आणि तिच्या पिळाचा एक फेरा ७८ इंचांत. व्हिटवर्थ यांनी नळी षटकोनी केली, रुंदी ०.४५ इंचावर आणली आणि पीळ २० इंचांत एक फेरा, इतका घट्ट केला. गोळीचं वजन जवळपास तेवढंच ठेवलं, म्हणून ती बारीक आणि लांब झाली. अशी गोळी हवा चांगली कापते, पण तिला जास्त गिरकी लागते. ती घट्ट पिळातून मिळाली.

हाइथची कसोटी

एप्रिल १८५७ मध्ये हाइथच्या सैनिकी नेमबाजी शाळेत दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. पद्धत साधी: अनेक गोळ्या झाडायच्या, भोकांचा मध्य काढायचा, प्रत्येक भोक मध्यापासून किती लांब ते मोजायचं आणि सरासरी घ्यायची. ५०० यार्डांवर एन्फिल्डची सरासरी चूक सुमारे २७ इंच, व्हिटवर्थची फक्त साडेचार. शिकाऱ्याच्या भाषेत सांगायचं, तर एका बंदुकीनं हरीण जखमी होऊन पळणार, दुसरीनं जागीच पडणार.

२ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियानं स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलनंच केलं. ४०० यार्डांवरची गोळी मध्यापासून जेमतेम दीड इंचावर लागली.

जिंकूनही नापास

तरीही ब्रिटिश सैन्यानं ही रायफल घेतली नाही. ती खूप महाग होती. शिवाय अरुंद नळीत काळ्या दारूची काजळी लवकर साचायची आणि पुढची गोळी भरणं अवघड व्हायचं. शिकारी किंवा नेमबाज दोन गोळ्यांमध्ये नळी साफ करू शकतो, लढणाऱ्या शिपायाला तेवढी उसंत कुठली? म्हणजे नेम उत्तम असणं पुरेसं नाही. तो वापरणाऱ्याच्या हातात, त्याच्या परिस्थितीत टिकला पाहिजे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी मात्र तिचा घातक वापर केला. मापातली अचूकता माणसं मारायलाही तेवढीच कामी येते, हेही इथे दिसलं.

पण बारीक नळी, लांब गोळी आणि घट्ट पीळ हे सूत्र मागे उरलं. पुढच्या रायफली त्याच वाटेनं गेल्या.

व्हिटवर्थ यांनी १८६८ मध्ये तरुण इंजिनीअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लो इथे ते गेले. त्यांच्या संपत्तीतून मँचेस्टरला कलादालन उभं राहिलं.

पुढच्या वेळी नळ बदलताना आटे हातानं सहज फिरले, तर हा माणूस आठवा. त्यांची रायफल आता संग्रहालयात आहे, पण त्यांचा कोन तुमच्या मोरीत रोज कामाला आहे.