वाटाण्याच्या उंचीचा हिशोब

आई-वडिलांपैकी एक उंच आणि एक बुटका असेल, तर अपत्य मधल्या उंचीचे होणार, असे सहज वाटते. पांढऱ्या रंगात काळा मिसळला की करडा होतो, तसेच हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अभ्यासकांचीही अशीच समजूत होती. ती चुकीची असल्याचे वाटाण्याच्या वेलांनी दाखवून दिले. ते वेल लावणारा, मोजणारा आणि त्यांचा हिशोब ठेवणारा माणूस ना विद्यापीठातील प्राध्यापक होता, ना वैद्य. तो एका मठातील धर्मगुरू होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म जुलै 1822 मधला. तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आताच्या चेक प्रजासत्ताकातील हिंचित्से हे त्यांचे गाव. पाळण्यातले नाव योहान. वडील अँटोन शेतकरी होते. फळझाडांवर कलम कसे बांधायचे, मधमाश्या कशा राखायच्या, हे योहान घरीच शिकला. 1838 मध्ये झाड अंगावर पडून वडील जखमी झाले आणि घराची घडी विस्कटली. योहानला शिकवण्या करून शिकावे लागले. उपासमार आणि काळजी यांमुळे तो वारंवार आजारी पडे. अशा वेळी धाकटी बहीण तेरेझिया हिने स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतील वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. मेंडेल हे ऋण विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

पैशांची विवंचना संपवण्यासाठी योहानने 1843 मध्ये ब्रुनो शहरातील सेंट थॉमस मठात प्रवेश घेतला. तेथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. या मठात ग्रंथालय होते, बाग होती आणि मठाधिपती सिरिल नाप यांना शेती व पशुपालनातील आनुवंशिकतेच्या प्रश्नांत रस होता. धर्मगुरू म्हणून रुग्णांच्या भेटी घेण्याचे काम मात्र मेंडेल यांना झेपेना. दुसऱ्यांच्या वेदना पाहून ते स्वतःच अंथरुणाला खिळत. त्यामुळे त्यांना शाळेत शिकवायला पाठवण्यात आले. शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांचे आवडते होते, पण शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत ते 1850 मध्ये नापास झाले. 1856 मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, तेव्हाही ती पार पडली नाही. आयुष्यभर ते हंगामी शिक्षकच राहिले.

पहिल्या अपयशाचा एक फायदा झाला. तयारीसाठी मठाने त्यांना 1851 ते 1853 या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे ध्वनिलहरींच्या ‘डॉप्लर परिणामा’मुळे आजही परिचित असलेले ख्रिस्तियान डॉप्लर त्यांना भौतिकशास्त्र शिकवायला होते, तर फ्रान्झ उंगर वनस्पतिशास्त्र. प्रयोग कसा आखायचा आणि आकड्यांतून नियम कसा शोधायचा, ही शिस्त मेंडेल यांना तेथे लागली. त्या काळातील वनस्पतींच्या अभ्यासकांकडे ही शिस्त क्वचितच असे.

परत आल्यावर त्यांनी बियाणे विक्रेत्यांकडून वाटाण्याचे 34 वाण मिळवले. ते दोन वर्षे लावून तपासले आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहणारे 22 वाण ठेवले. वाटाण्याची निवड विचारपूर्वक होती. त्याचे फूल मिटलेले असते आणि आतल्या आत स्वपरागण होते. बाहेरचे पराग सहसा येत नाहीत. संकर करायचा तर कळी उमलण्याआधी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या रोपाचे पराग लावायचे. हे काम किचकट होते, पण त्यामुळे कोणत्या रोपाचे आई-बाप कोण, याबद्दल शंका उरत नसे.

1856 ते 1863 अशी आठ वर्षे हे काम चालले. दाण्याचा आकार व रंग, फुलांचा रंग, शेंगेचा आकार व रंग, फुलांची जागा आणि रोपाची उंची अशी सात लक्षणे मेंडेल यांनी निवडली. त्यांत उंचीचे उदाहरण सर्वात बोलके आहे. उंच वाण सहा ते सात फुटांचा, बुटका जेमतेम फूट-दीड फुटाचा. या दोघांचा संकर केल्यावर मधल्या उंचीचे एकही रोप आले नाही. सगळी रोपे उंच निघाली, काही तर उंच वाणापेक्षाही उंच. बुटकेपणा जणू नाहीसाच झाला होता.

मग या संकरित रोपांचे बी पेरले. नव्या पिढीतील 1,064 रोपांपैकी 787 उंच आणि 277 बुटकी निघाली. हरवलेला बुटकेपणा जसाच्या तसा परत आला होता. हे प्रमाण जवळपास तीनास एक. इतर सहा लक्षणांतही हेच प्रमाण दिसले. मेंडेल तेथेच थांबले नाहीत. त्यांनी 100 उंच रोपांचे बी पुन्हा पेरून पाहिले. 28 रोपांची संतती केवळ उंच होती, तर 72 रोपांच्या संततीत उंच व बुटकी दोन्ही रोपे होती. म्हणजे दिसायला सारखीच असलेली उंच रोपे आतून दोन प्रकारची होती.

यातून निष्कर्ष निघाला तो असा. प्रत्येक लक्षणासाठी रोपाकडे दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. एक प्रभावी ठरतो, दुसरा झाकला जातो, पण पुसला जात नाही. पुढच्या पिढीला देताना ते पुन्हा वेगळे होतात. याच घटकांना आपण आज जनुके म्हणतो.

फेब्रुवारी आणि मार्च 1865 मध्ये मेंडेल यांनी हे काम ब्रुनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर वाचले. 1866 मध्ये ते छापून आले. त्यांनी निबंधाच्या 40 प्रती मागवून घेतल्या व काही अभ्यासकांना पाठवल्या. प्रतिसाद जवळजवळ नव्हताच. म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी पत्रव्यवहार केला, पण त्यांना हे निष्कर्ष पटले नाहीत. दोघांनाही रस होता तो हॉकवीड या रानफुलात. मेंडेल यांनी त्याच्यावर डोळ्यांना त्रास होईपर्यंत काम केले. वाटाण्याचा नियम तेथे लागू पडेना. या वनस्पतीत अनेकदा फलनाशिवायच बी तयार होते आणि संतती आईची नक्कल असते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

1868 मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि प्रयोगांसाठी वेळ उरेनासा झाला. 1874 मध्ये सरकारने मठांवर लादलेल्या कराविरुद्ध ते अखेरपर्यंत एकटे लढत राहिले. हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या एवढाच विरंगुळा राहिला. मूत्रपिंडाच्या विकाराने 6 जानेवारी 1884 रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला संगीतकार लिओश यानाचेक यांनी ऑर्गन वाजवला. शहराने एका लोकप्रिय धर्मगुरूला निरोप दिला. आपण एका महान शास्त्रज्ञाला निरोप देत आहोत, याची गर्दीतील कोणाला कल्पना नसावी. त्यांची बरीच कागदपत्रे नंतर जाळण्यात आली. 1900 मध्ये ह्यूगो द व्ह्रीस आणि कार्ल कोरेन्स हे स्वतंत्रपणे त्याच नियमांपर्यंत पोहोचले, तेव्हा कुठे तो जुना निबंध जगासमोर आला. 1936 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे अपेक्षेपेक्षा फारच नेमके जुळतात, अशी शंका घेतली. त्यावर बराच वाद झाला, मात्र नियम पुन्हा पुन्हा खरे ठरले.

वाटाणा बुटका का राहतो, याचे उत्तर मिळायला 1997 साल उजाडले. वेल वाढतो तो दोन पेरांमधला भाग लांबल्यामुळे. त्यासाठी जिबरेलिन हे संप्रेरक लागते. हे संप्रेरक कार्यक्षम रूपात आणणारे एक विकर असते आणि ते बनवण्याची कृती उंचीच्या जनुकात लिहिलेली असते. बुटक्या वाणात या जनुकातील एकच अक्षर बदललेले आहे. तेवढ्याने विकर मंदावते, संप्रेरक कमी पडते आणि पेरे आखूड राहतात. चांगल्या जनुकाची एक प्रत असली तरी पुरेसे विकर बनते. म्हणूनच संकरित रोप उंच दिसते. बुटक्या रोपावर जिबरेलिन फवारले तर तेही उंच वाढते, पण त्याचे बी पेरल्यास पुन्हा बुटकेच रोप येते. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार मणी फुगवण्यासाठी जे ‘जीए’ वापरतात, ते हेच संप्रेरक.

माणसाची उंची मात्र एका जनुकावर ठरत नाही. तिच्यामागे शेकडो जनुके आणि बालपणीचा आहार असतो. त्यामुळे ती मिसळल्यासारखी वाटते. पण काही आजार वाटाण्याच्या हिशोबानेच चालतात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत आढळणारा सिकलसेल हा त्यांतलाच. आई-वडील दोघेही वाहक असले तर ते स्वतः सहसा निरोगी दिसतात, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. वाहक आहोत की नाही, हे साध्या रक्ततपासणीत कळते. लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी ती करून घेणे शहाणपणाचे.

दिसत नाही म्हणजे नाही, असे नसते. मठाच्या बागेतील 277 बुटक्या रोपांनी हेच सांगितले होते.