कोकणचा धर्मज्ञ राजा अपरादित्य

महाशिवरात्रीचे पर्व उगवले म्हणजे मुंबईच्या उपनगरांतून भाविकांची रीघ अंबरनाथच्या वाटेस लागते. मुलुंड-घाटकोपरची मंडळी पहाटेच्या गाडीने निघतात. बोरिवलीकर मंडपेश्वराच्या लेण्यात बेल वाहतात, अंधेरीकडील कुटुंबे जोगेश्वरी गाठतात. अंबरनाथच्या त्या काळ्या पाषाणाच्या देवालयापुढे हात जोडून उभे असता हे कोणी उभारले, असा प्रश्न कित्येकांच्या मनात येतो. देवळातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ दिला आहे आणि मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी या शिलाहार राजाचे नाव आहे. त्याच घराण्यात पुढे दोन पिढ्यांनी एक राजा होऊन गेला. त्याने गेलेले राज्य तलवारीने परत मिळविले आणि मग तीच तलवार धरणाऱ्या हाताच्या नावे धर्मशास्त्राचा एक महाग्रंथ जगास मिळाला. त्या अपरादित्य राजाचे चरित्र आजच्या शिवपर्वणीस वाचकांच्या सेवेस सादर करावे, असे आमच्या मनात आले.

हा राजा परका नव्हे. श्रीस्थानक म्हणजे आजचे ठाणे ही त्याची राजधानी. शूर्पारक म्हणजे सोपारे आणि चेमुली म्हणजे चौल ही त्याच्या घराण्याची बंदरे. आज ज्या भूमीवर आपल्या चाळी आणि इमारती उभ्या आहेत, तिला तेव्हा षट्षष्टी म्हणत. सहासष्ट गावांची म्हणून षट्षष्टी, आणि तिचेच पुढे साष्टी झाले. भांडुप येथे सापडलेल्या शके ९४८ (इ. स. १०२६) च्या ताम्रपटात याच घराण्यातील छित्तराजाने षट्षष्टी विषयातील नौर गावचे एक शेत एका ब्राह्मणास दिल्याची नोंद आहे. हे नौर म्हणजे आपले नाहूर, असे अभ्यासक मानतात. रोज लोकलने नाहूर स्थानक ओलांडणाऱ्या वाचकाने क्षणभर मनात आणावे की, हे नाव हजार वर्षांपूर्वी तांब्यावर कोरले गेले आहे.

कुळाचे मूळ

शिलाहार आपणांस जीमूतवाहनाच्या वंशातील म्हणवीत. त्यांच्या ताम्रपटांच्या आरंभी गणपती आणि शंकर यांना वंदन केल्यावर तिसरे स्मरण असते ते जीमूतवाहनाचे. त्यांच्या राजमुद्रेवर गरुड असे. ही कथा आम्ही अनेक कीर्तनांतून लावली आहे. जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. घरी पिढीजात कल्पवृक्ष होता. पण या वृक्षापाशी स्वतःसाठी काय मागावे, असे त्यास वाटले आणि जगाचे दारिद्र्य हरण कर, एवढेच मागून त्याने तो वृक्ष लोकांस देऊन टाकला. कल्पवृक्ष गेला असे पाहताच भाऊबंद राज्यावर टपले. त्यांना जिंकण्याचे बळ त्याच्या अंगी होते. परंतु नाशिवंत देहाच्या सुखासाठी आप्तांना मारावे, हे त्याच्या मनास रुचेना. राज्य त्यांच्या हाती सोडून तो आईबापांसह मलय पर्वतावर जाऊन राहिला. तेथे शंखचूड नावाच्या नागाची गरुडाचे भक्ष्य होण्याची पाळी आली असता, त्याच्या मातेचा आक्रोश ऐकून हा स्वतः वध्यशिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार तो झाला, म्हणून त्याचे वंशज शिलाहार, अशी या नावाची फोड परंपरेने सांगतात.

वाचकहो, ही कथा ध्यानी असू द्यावी. मूळपुरुष कोणता, तर भाऊबंदांशी भांडण नको म्हणून राज्यावर पाणी सोडणारा! आणि त्याच्या वंशात पुढे काय घडले, ते आता पाहावे.

भाऊबंदकीचा वणवा

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. मुम्मुणीच्या काळात अंबरनाथचे देवालय पुरे झाले. पण त्याच्यानंतर गादीसाठी घरातच तंटा पेटला. नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याचा शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा खारेपाटण ताम्रपट या दुर्दशेचा साक्षी आहे. दायादांच्या वैराने ओढवलेल्या संकटात दुष्टांनी कोकणभूमी उद्ध्वस्त केली, देव आणि ब्राह्मण यांना पीडा दिली आणि अनंतदेवाने तलवारीने त्यांचा निःपात केला, असा त्यातील आशय आहे. ज्या भिंतीला आतून भेग पडते, तिच्यातून बाहेरचे पाणी शिरते. गोव्याच्या कदंबांनी याच काळात उत्तर कोकणावर हात टाकला.

या अनंतदेवाचा पुत्र अपरादित्य. बापाने सावरलेले राज्य त्याच्या वाट्यास सुखाने आले नाही. वडवली ताम्रपट शके १०४९ चा, म्हणजे इ. स. ११२७ चा. त्यात त्याच्यावरील संकटाचे वर्णन आहे. छित्तुक्क नावाचा कोणी प्रबळ शत्रू उठला. ताम्रपट त्यास असुर म्हणतो. तो नेमका कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. एकएक मांडलिक त्यास जाऊन मिळाला. वडीलधारे नाहीसे झाले, आश्रितांची दैना झाली, धर्म बुडाला. अशा वेळी राजापाशी उरले काय, तर एक घोडा, दोन बाहू आणि एक खड्ग. तेवढ्यानिशी तो शत्रूवर तुटून पडला. लढावे की पळावे हे शत्रूस सुचेना आणि अखेर त्याने म्लेच्छांचा आश्रय केला. ताम्रपटाचे कवित्व बाजूस ठेवले तरी एवढे खरे की, इ. स. ११२७ पर्यंत अपरादित्य कोकणचा निर्वेध स्वामी झाला होता आणि विजयानंतर दानाचे उदक सोडीत होता.

ग्रंथकार राजा

येथवरची कथा शूराची झाली. शूर राजे इतिहासात पुष्कळ झाले. अपरादित्याचे वेगळेपण येथून पुढे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्याच्या नावाची विस्तृत टीका आहे. आदित्य म्हणजे सूर्य आणि अर्क म्हणजेही सूर्य, म्हणून अपरादित्याची ही टीका 'अपरार्क' या नावाने ओळखली जाते. ग्रंथाच्या समाप्तीच्या लेखात कर्ता स्वतःस विद्याधरवंशातील जीमूतवाहनकुलोत्पन्न शिलाहार राजा म्हणवितो. याच घराण्यात पुढे दुसरा अपरादित्य झाला. तथापि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या धर्मशास्त्राच्या थोर इतिहासकाराने हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, म्हणजे आपल्या चरित्रनायकाचाच मानला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. मूळ श्लोक हजाराच्या आसपास. त्यांवर राजाने इतकी स्मृतिवचने आणि पुराणवचने गोळा केली की, टीका ही टीका न राहता एक निबंधच झाली. दानाचे प्रकरण तर विशेष विस्ताराचे. त्याच्या थोडे आधी कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली होती. तेथे राजा आश्रयदाता होता आणि पंडित ग्रंथकर्ता. येथे ग्रंथ राजाच्याच नावाचा. पदरच्या पंडितांचे साह्य त्याने घेतले असेलही. परंतु कोणता ग्रंथ आपल्या नावावर असावा, ही निवड राजाची. स्वतःच्या पराक्रमाचे काव्य रचवून न घेता त्याने धर्मशास्त्र निवडले.

आता दायविभागाचे प्रकरण पाहावे, म्हणजे मौज कळेल. आईबापांच्या पश्चात मुलांनी संपत्ती आणि कर्ज दोन्ही सारखी वाटून घ्यावी. बापाच्या मागे वाटणी होत असता मातेसही बरोबरीचा वाटा असावा. ज्या भावंडांचे संस्कार व्हावयाचे राहिले असतील, ते थोरल्यांनी करावे आणि बहिणीसाठी आपल्या वाट्यातील चतुर्थांश काढावा. वाटणीनंतर कोणी दडविलेले द्रव्य उघडकीस आले, तर तेही सर्वांनी समान घ्यावे. वाट्याचा अधिकार नसलेल्या आंधळ्या-पांगळ्यांचे पोषण करावे. निपुत्रिकाच्या धनावर पहिला अधिकार त्याच्या पत्नीचा. हे याज्ञवल्क्याचे नियम आणि यांवर भाष्य करणारा कोण, तर ज्याच्या घराचे वाटणीच्या वैराने वाटोळे होता होता राहिले, तो राजा! त्याच्या मनात काय होते हे कोणत्याही ताम्रपटात लिहिलेले नाही. परंतु आम्हांस असे वाटते की, ही पाने लिहिताना श्रीस्थानकाच्या वाड्यातील ते जुने भांडण त्याच्या डोळ्यांपुढून गेले असलेच पाहिजे. मूळपुरुष जीमूतवाहनाने सर्वस्व सोडून कलह टाळला. परंतु सर्वसामान्य गृहस्थास सर्वस्व सोडवत नाही. त्याच्यासाठी शास्त्र आहे. ज्यास त्याग साधत नाही, त्याने निदान न्याय साधावा.

काश्मीरच्या सभेत

अपरादित्याची दृष्टी सह्याद्रीच्या आतच अडलेली नव्हती. काश्मिरात त्या वेळी जयसिंह राजा राज्य करीत होता. मंख नावाच्या कवीने 'श्रीकंठचरित' हे शंकराच्या त्रिपुरवधाचे महाकाव्य रचले आणि आपला बंधू अलंकार याच्या घरी विद्वानांच्या सभेत ते वाचून दाखविले. काव्याच्या शेवटच्या सर्गात त्या सभेचे वर्णन आहे. तेथे कान्यकुब्जाच्या गोविंदचंद्राचा दूत सुहल होता, तसाच कोकणाधीश अपरादित्याचा दूत तेजकंठही होता. सोपाऱ्याकडून हिमालयाच्या कुशीपर्यंतची वाट त्या काळी किती महिन्यांची आणि किती संकटांची असेल! एका राजाने आपला पंडित एवढ्या दूरवर पाठविला आणि शिवकाव्याच्या त्या सभेत कोकणचे नाव घेतले गेले, ही गोष्ट आजच्या दिवशी आम्हांस फार गोड वाटते.

मातेविषयीही त्याच्या मनात भक्ती होती. उरणजवळ चांजे येथे मिळालेल्या शके १०६० च्या शिलालेखात त्याने आपली माता लीलादेवी हिच्या पुण्यार्थ दान दिल्याची नोंद आहे. इ. स. ११४८ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली आणि हरिपालदेव गादीवर आला.

राज्य बुडाले, ग्रंथ तरला

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. हरिपालदेवानंतरचा मल्लिकार्जुन गुजरातच्या कुमारपालाच्या सैन्याशी लढताना पडला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. १२६५ च्या सुमारास, देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणावर स्वारी केली आणि शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. बोरिवलीजवळ एकसर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर नौकांच्या युद्धाची चित्रे कोरलेली आहेत. ती याच झुंजीची, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. एका घोड्यानिशी परत मिळविलेले राज्य सव्वाशे-दीडशे वर्षांत समुद्राने गिळले.

आणि ग्रंथाचे काय झाले? इ. स. १८७७ साली ब्यूलर या जर्मन पंडिताने काश्मिरातील संस्कृत पोथ्यांचा शोध केल्याचे प्रतिवृत्त छापले. त्यास आढळले की, तेथील पंडित व्यवहारनिर्णयासाठी जो ग्रंथ प्रमाण मानतात तो कोकणच्या अपरादित्याचा! कोकणात ज्याचे नाव लोक विसरून गेले होते, त्याचा शब्द सातशे वर्षांनंतर काश्मिरात चालत होता. आणखी मौज अशी की, इंग्रजी अमदानीत मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात वारसाचे निवाडे नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'स अग्रमान देऊन होत. घरचा ग्रंथ परगावी नांदत होता. पुढे पुण्याच्या आनंदाश्रमाने इ. स. १९०३-०४ मध्ये 'अपरार्क' दोन भागांत छापून मुद्रणाच्या रूपाने महाराष्ट्रात आणला.

आज वारसाचा कायदा निराळा आहे. इ. स. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि इ. स. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीसही मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. काळ पालटला तशी व्यवस्था पालटली आणि ती पालटावी, हे योग्यच आहे. परंतु रोग जुनाच राहिला. उपनगरांत कीर्तनास गेलो असता आरती झाल्यावर कोणी गृहस्थ हळूच बाजूस घेऊन विचारतात की, बुवा, वडिलांची खोली पुनर्विकासात जाते आहे, धाकटा भाऊ सही करीत नाही, काय करावे? पलीकडे त्यांचाच भाऊ प्रसाद घेऊन दुसऱ्या दाराने निघून गेलेला असतो. अशा वेळी आम्ही शास्त्रार्थ सांगत बसत नाही. आम्ही त्यांना अपरादित्याची ही कथा सांगतो. भाऊबंदकीने बुडता बुडता वाचलेल्या राजाने, ज्याचा वाटा त्यास द्यावा, आईस आणि बहिणीस विसरू नये, दडविलेले असेल ते पुढे मांडावे, हे सांगणारे शास्त्र आपल्या नावे मागे ठेविले. राज्य गेले आणि तेवढे उरले.

आज रात्री चार यामांच्या पूजेत बेल वाहताना ज्याच्या मनात सख्ख्या भावाविषयी अढी असेल, त्याने एक बेल त्या भावाच्या नावानेही वाहावा. कुळात जीमूतवाहन होणे सर्वांस साधत नाही. अपरादित्याच्या ग्रंथातील एखादी ओळ घरात पाळणे मात्र साधण्यासारखे आहे. अंबरनाथाचा तो स्वामी सर्व घरांत सलोखा नांदवो, ही त्याच्या चरणी प्रार्थना.

इत्यलम्. हर हर महादेव.