श्रीनारायणीयाचे कर्ते मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी

केरळातील गुरुवायूर हे क्षेत्र दक्षिणेची द्वारका म्हणून भारतभर विख्यात आहे. शंख, चक्र, गदा व पद्म धारण केलेली तेथील श्रीमूर्ती द्वारका समुद्रात बुडाल्यानंतर देवगुरू बृहस्पती आणि वायुदेव ह्यांनी येथे आणून स्थापिली, म्हणून ह्या स्थानास गुरुवायूर हे नाव पडले, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. देव बालकृष्णाच्या भावाने पूजिला जातो. ह्या देवासमोरील मंडपात बसून, रोगाने जखडलेल्या एका तरुण पंडिताने सुमारे चारशे चाळीस वर्षांपूर्वी शंभर दिवसांत एक महास्तोत्र रचिले आणि तो व्याधिमुक्त होऊन उठला. ते स्तोत्र म्हणजे श्रीमन्नारायणीयम् आणि ते पंडित म्हणजे मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी. नारायणीयाचे पारायण आता केरळाबाहेरही ठिकठिकाणी होते. परंतु त्याच्या कर्त्याचे चरित्र मराठी भाविकांना फारसे परिचित नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

निळा अर्थात भारतपुळा नदीच्या उत्तरेस, तिरुनावाया ह्या प्राचीन क्षेत्राच्या परिसरात, मेल्पत्तूर नावाच्या नंबूद्री घराण्यात सुमारे १५६० साली नारायणांचा जन्म झाला. घराणे विद्वानांचे होते. पिता मातृदत्त ह्यांच्याकडून मीमांसा, माधव नावाच्या आचार्यांकडून वेद, ज्येष्ठ बंधू दामोदर ह्यांच्याकडून तर्कशास्त्र आणि अच्युत पिषारटी ह्यांच्याकडून व्याकरण, असे आपल्या अध्ययनाचे ऋण त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेविले आहे.

ह्यांतील अच्युत पिषारटी ह्या गुरूंविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. माधव, नीलकंठ सोमयाजी, ज्येष्ठदेव अशी गणितज्ञांची जी थोर परंपरा केरळात झाली, तिच्यातील हे एक अग्रणी. स्फुटनिर्णय, करणोत्तम असे त्यांचे ज्योतिषग्रंथ प्रसिद्ध आहेत. ते जन्माने नंबूद्री नव्हते. देवालयाच्या सेवेशी संबंधित अशा पिषारटी समाजात ते जन्मले होते आणि तरीही नंबूद्री कुळातील शिष्य त्यांच्या पायाशी बसून व्याकरण शिकला. सोळाव्या शतकातील सामाजिक बंधने ध्यानी घेता ही गोष्ट लहान नव्हे.

तरुण वयात नारायण काहीसे सुखासीन झाले होते, नित्यकर्माकडे त्यांचे दुर्लक्ष होई, आणि एके दिवशी उशिरा उठल्याबद्दल गुरूंनी त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केल्यावर त्यांचे डोळे उघडले, असे परंपरा सांगते. त्यानंतर ते अध्ययनास जे लागले, ते थोड्याच काळात गुरूंचे पट्टशिष्य झाले.

पुढे अच्युत पिषारटींना वातरोगाने ग्रासिले. हातपाय आखडले, हालचाल कठीण झाली. गुरूंच्या ह्या वेदना शिष्यास पाहवेनात. गुरुदक्षिणा म्हणून आपला रोग मला द्यावा, अशी प्रार्थना नारायणांनी केली. गुरूंनी अर्थातच नकार दिला. परंतु शिष्याने हट्ट सोडला नाही. अखेर विधिपूर्वक उदक सोडून तो रोग शिष्याने स्वतःकडे घेतला, गुरू बरे झाले व शिष्य पंगू झाला, अशी कथा केरळात घरोघरी सांगतात. नारायणीयात रोगाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तो गुरूंकडून आल्याची ही कथा मात्र परंपरेने जतन केलेली आहे. वाचकांनी ती त्याच भावाने घ्यावी. ज्या समाजाने ही कथा चार शतके जपली, त्याला आपल्या ह्या महाकवीच्या चरित्रात विद्वत्तेच्या आधी करुणा पाहावीशी वाटली, एवढे तरी तीवरून निश्चित दिसते.

ऐन पंचविशीत देह असा परस्वाधीन झाला. अशा वेळी त्यांनी तुंजत्तु एळुत्तच्छन ह्यांचा सल्ला मागविल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. अध्यात्मरामायण मल्याळम भाषेत आणणारे हे महाकवी तथाकथित खालच्या मानलेल्या जातीत जन्मले होते. नारायणांच्या सेवकाने त्यांना उपाय विचारिला, तेव्हा त्यांनी मत्स्यापासून आरंभ करावा, असा अर्थ निघेल असे उत्तर दिले. ब्राह्मणास मासे खाण्याचा सल्ला दिला, असे समजून सेवक संतापला. नारायणांना मात्र त्यातील मर्म क्षणात उमगले. मत्स्यावतारापासून भगवंताच्या लीला गाव्यात, असा तो संकेत होता. प्रत्यक्ष ग्रंथात मत्स्यावतार बत्तिसाव्या दशकात येतो, आरंभ भगवंताच्या महिम्याने होतो, हेही येथे नमूद करावयास हवे. संकेत शब्दशः पाळला नाही, पण त्याचा आशय पूर्णपणे स्वीकारला.

नारायण गुरुवायूरला आले. त्यांना उचलून मंडपात आणून बसवावे लागे. ते श्लोक सांगत आणि धाकटे बंधू ते ताडपत्रावर लिहून घेत, असे सांगितले जाते. दररोज एक दशक, म्हणजे साधारण दहा श्लोक. शंभर दिवसांत शंभर दशके. एकूण श्लोकसंख्या १०३६ मानली जाते. भागवत महापुराणाचे १८,००० श्लोक मानले जातात. त्यांचे सार त्यांनी जवळपास अठरापट संक्षेपाने, नाना वृत्तांत आणि भागवताचा क्रम न सोडता मांडले.

स्तोत्राची रचना पाहण्यासारखी आहे. पुराणकार कथा श्रोत्यांना सांगतो. भट्टतिरी ती देवालाच सांगतात. तू असे केलेस, तू तेथे गेलास, असे सर्व कथन समोरच्या मूर्तीस उद्देशून द्वितीय पुरुषात चालते. काही प्रसंगी तर हे खरोखर असेच घडले ना, असे ते देवालाच विचारीत आणि मूर्ती मान डोलवून होकार देई, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आणि दशक संपत आले की कवी आपल्या व्यथेकडे वळतात. गजेंद्राला सोडविलेस, प्रल्हादाला राखिलेस, मग माझा रोग तेवढा का राहावा, अशा आशयाची आळवणी निरनिराळ्या शब्दांत दशकादशकाच्या अखेरीस येत राहते. ह्या आळवणीत कोठेही दुःख लपविलेले नाही. दिवसभर लीलांचे गायन केल्यावर संध्याकाळी आपले दुखणे देवापुढे मोकळेपणाने ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कथेला लागावयाचे, असा तो क्रम होता. आमच्या मते ह्या स्तोत्राचे बळ येथेच आहे. रुग्णाचे मन आपल्या वेदनेभोवती फिरत राहते. भट्टतिरींनी वेदनेला रोज शेवटची एक जागा नेमून दिली आणि बाकी सारा दिवस श्रीहरीला व काव्याला दिला.

शंभराव्या दिवशी त्यांना बालकिशोर रूपातील श्रीकृष्णाचे दर्शन घडले. अखेरच्या दशकात त्या रूपाचे केसांपासून चरणांपर्यंत वर्णन आहे. स्तोत्राची समाप्ती आयु, आरोग्य व सौख्य ह्या तीन शब्दांच्या समासाने होते. हा आशीर्वाद तर आहेच, पण त्यात तिथीही गुंफलेली आहे. केरळात कटपयादी नावाची अंकलेखनाची पद्धत रूढ होती. तीत प्रत्येक अक्षरास अंक असतो, केवळ स्वरास शून्य असते, जोडाक्षरात शेवटचे व्यंजन धरितात आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचतात. त्याप्रमाणे आ ०, यु १, रा २, रो २, ग्य १, सौ ७, ख्य १ असे अंक येतात व उलट वाचल्यास १७,१२,२१० ही संख्या मिळते. कलियुगाच्या आरंभापासून इतके दिवस लोटले असता ग्रंथ पूर्ण झाला, असा त्याचा अर्थ. हे गणित १५८६ सालच्या अखेरीस येते. काही पुस्तकांत १५८७ छापलेले आढळते. वृश्चिक मासाच्या २८ व्या दिवशी गुरुवायूरला नारायणीय दिन साजरा होतो. ज्योतिर्विद गुरूच्या शिष्यालाच सुचावी अशी ही योजना आहे.

ह्याच सुमारास आपल्याकडे पैठणास काय चालले होते, हे आठवल्यावाचून राहवत नाही. श्रीएकनाथ महाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण केली होती. पुढे त्यांचा कंठ दुखू लागला असता ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठास लागली आहे ती येऊन काढ, असे सांगितल्याची कथा सर्वश्रुत आहे. नाथ आळंदीस गेले, व्यथा निमाली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीचे कार्य सिद्धीस गेले. गोदातीरी व निळातीरी, एकमेकांची वार्ताही नसलेले दोन भागवतभक्त देहाच्या पीडेतून वाट काढीत वाङ्मयसेवा करीत होते.

भट्टतिरींच्या चरित्रातील पूंतानम नंबूद्रींचा प्रसंग सांगितल्याखेरीज हे कथन अपुरे राहील. पूंतानम हे साधे भक्त, संस्कृत पांडित्याचा गंध बेताचा. त्यांना फार प्रतीक्षेनंतर झालेले एकुलते एक बाळ उष्टावणाच्याच दिवशी दगावले. ह्या आघातातून त्यांनी ज्ञानप्पाना हे मल्याळम काव्य रचिले. बालकृष्ण मनात नाचत असता दुसरे मूल कशाला हवे, अशा भावापर्यंत ते पोहोचले. आजही केरळात हे काव्य सामान्य माणसाच्या ओठी आहे. एका पित्याने असह्य शोकातून स्वतःला कसे सावरले, ह्याचा तो हृद्य दाखला होय.

हे पूंतानम आपली रचना तपासून घेण्यासाठी भट्टतिरींकडे आले. भट्टतिरींनी ती मल्याळम आहे, शिवाय हिला व्याकरण माहीत नाही, अशा अर्थाचे बोलून परत पाठविले. भक्त डोळ्यांत पाणी आणून निघून गेला. त्यावर, भट्टतिरींच्या विभक्तीपेक्षा पूंतानमची भक्ती आपणास अधिक प्रिय आहे, असे देवाने कळविले. भट्टतिरी पूंतानमकडे गेले, त्यांची क्षमा मागितली व ते काव्य आदराने वाचले. गुरूसाठी रोग पत्करणारा मनुष्यही एका अल्पशिक्षित भक्ताचे मन दुखवू शकतो, हे ह्या कथेने झाकून ठेविलेले नाही. म्हणूनच ती आम्हास रोगहरणाच्या कथेइतकीच मोलाची वाटते. ह्याच पंडिताने अपाणिनीयप्रमाणता नावाचा प्रबंध लिहून, पाणिनीच्या सूत्रांत न बसणारे शिष्टांचे प्रयोग अशुद्ध म्हणून टाकू नयेत, असे प्रतिपादन केले आहे.

येथे भाविकांस एक नम्र विनंती करणे कर्तव्य वाटते. अमुक व्याधीसाठी किती पारायणे करावीत, अशी विचारणा अनेकदा होते. वात ह्या एका शब्दाखाली जुन्या काळी कितीतरी व्याधी मोडत. नारायणीय अवश्य वाचावे, रुग्णाशेजारी बसून वाचून दाखवावे. परंतु वैद्याचे औषध त्यासाठी थांबवू नये.

रोगमुक्त झाल्यावर भट्टतिरी दीर्घकाळ जगले आणि ते आयुष्य त्यांनी अखंड लेखनात घालविले. अंबलपुळेचे राजे देवनारायण ह्यांच्या इच्छेवरून त्यांनी प्रक्रियासर्वस्व हा वीस खंडांचा व्याकरणग्रंथ साठ दिवसांत सिद्ध केला. मानमेयोदय हा मीमांसाग्रंथ त्यांनी हाती घेतला. त्याचा मेयविभाग नंतर दुसऱ्या पंडिताने पूर्ण केला. देवळातून कूत्तु सादर करणाऱ्या चाक्यार कलावंतांसाठी त्यांनी राजसूय, दूतवाक्य, सुभद्राहरण असे अनेक प्रबंध रचून दिले. त्यांतील निरनुनासिक हा प्रबंध तर मोठा गमतीचा आहे. लक्ष्मणाने नाक कापलेली शूर्पणखा रावणापुढे आक्रोश करते. नाकच नाही तर अनुनासिक वर्ण कसे उच्चारणार, म्हणून तिच्या भाषणात ङ, ञ, ण, न, म ही अक्षरे येऊच दिलेली नाहीत. एकेकाळी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची ही विनोदबुद्धी पाहून मन प्रसन्न होते.

गुरू अच्युत पिषारटी १६२१ च्या सुमारास निवर्तले. नारायणीय पूर्ण झाल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्यांना आयुष्य लाभले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उत्तरायुष्यात भट्टतिरी मुक्कोला येथील भगवतीच्या सान्निध्यात राहिले. तेथे त्यांनी देवीच्या चरणकमलांवर सत्तर श्लोकांचे श्रीपादसप्तती हे स्तोत्र रचिले. ती त्यांची अखेरची कृती मानतात. गुरुवायूरच्या मंदिरात, गर्भगृहासमोरील मंडपात भट्टतिरी जेथे बसत ती जागा आजही दाखविली जाते. दर्शनास जाणाऱ्या भाविकांनी ती आवर्जून पाहावी.